महापालिका ते ग्रामपंचायत: मोफत आणि सवलतीच्या सेवा शोधायच्या कुठे, आणि अर्ज अडतो कुठे

जमाखर्च (धागाकर्ता)

दर जूनमध्ये तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतात, म्हणून सगळं एका जागी. राज्य आणि केंद्राच्या मोठ्या योजनांचे धागे आधीच आहेत, ते इथे नकोत. इथे फक्त स्थानिक संस्था स्वतःच्या पैशातून किंवा स्वतःच्या माणसांमार्फत जे देतात ते: महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत.

"आमच्या पालिकेत काय काय मिळतं?" याचं पूर्ण उत्तर देणारा फलक बहुतेक ठिकाणी नसतो. संकेतस्थळावर यादी असली तरी ती कधीची आहे ते बघून घ्या. खरी यादी असते अर्थसंकल्पात, कारण तरतूद नसेल तर लेखा विभाग एक रुपया सोडत नाही. पालिकेच्या संकेतस्थळावरून अर्थसंकल्पाची पीडीएफ उतरवा आणि ही शीर्षं गाठा: महिला व बालकल्याण, दिव्यांग कल्याण, मागासवर्गीय कल्याण, समाज विकास, शिक्षण, क्रीडा, आरोग्य. पुष्कळ पीडीएफ जुन्या फाँटमध्ये किंवा स्कॅन केलेल्या असतात, त्यामुळे शोधखिडकीत "दिव्यांग" टाकून काही सापडत नाही. तिथे अनुक्रमणिकेवरून पान काढायचं.

मग रकाने वाचा. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. तरतूद दणदणीत आणि प्रत्यक्ष खर्च शून्य असेल तर एक तर निविदा अडकली, नाहीतर अर्जच आले नाहीत. दुसरी शक्यता असेल तर तुमचं काम सोपं आहे. तरतूद अमुक लाख आणि खर्चही तेवढाच, म्हणजे रांग मोठी. तिथे पहिल्या आठवड्यात अर्ज टाकायचा.

वेळेचं गणित साधारण असं: वर्ष १ एप्रिलला सुरू, अर्ज बहुतेक ठिकाणी जून ते सप्टेंबर, छाननी दिवाळीच्या आसपास, पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधेच आचारसंहिता लागली की नवीन लाभवाटप थांबतं. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद बहुतेक वेळा संपते आणि पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

---

पेठकर

चांगला धागा. पुण्यापुरतं लिहितो.

मनपाच्या समाज विकास विभागाच्या (जुनं नाव नागरवस्ती विकास योजना) योजनांचे अर्ज मनपाच्या डीबीटी (लाभ थेट खात्यावर) पोर्टलवर भरतात. सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या दोन शिष्यवृत्त्या: दहावीनंतर मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या नावाची, १५,००० रुपये. बारावीनंतर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची, २५,००० रुपये. खुल्या गटाला किमान ८० टक्के गुण. मनपा शाळा, रात्रशाळा आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ७० टक्के. दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के. नुसते गुण पुरत नाहीत, पुढे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्याचा कागद लागतो. प्रवेशाची फेरी लांबली की अर्ज राहतो तो या कागदासाठी. फॉर्म सुरू झाल्या झाल्या बाकी सगळं भरून ठेवा, प्रवेशाची पावती शेवटी जोडा.

पोर्टल समजत नसेल तर आपल्या क्षेत्रीय कार्यालयात समूहसंघटिका कोण ते विचारा. बचत गट, प्रशिक्षण, शिष्यवृत्ती हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं आणि कोणता कागद परत येतो ते त्यांना तोंडपाठ असतं. मुख्य इमारतीत जाऊन मजले चढण्यापेक्षा हे बरं.

शालेय बस पास: मनपा शाळेतल्या मुलांना पीएमपीचा पास मोफत. मनपा हद्दीतल्या खासगी शाळांच्या मुलांसाठी ७५ टक्के मनपा भरते, २५ टक्के पालक. शाळेचा शिक्का आणि सही असलेला फॉर्म आगारात द्यायचा. पुष्कळ शाळा आपणहून सांगत नाहीत, मुख्याध्यापकांना विचारावं लागतं.

शहरी गरीब योजना: मनपाच्या पॅनेलवरच्या रुग्णालयातल्या बिलाचा ५० टक्के भाग सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने मनपा भरते. मर्यादा वर्षाला १ लाख, कर्करोग, हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजारांना २ लाख. इथे गडबड होते ती क्रमाची. रुग्ण घरी आला, बिल भरलं आणि मग कार्ड काढायला गेलं, तर काही मिळत नाही. आधी कार्ड, मग पॅनेलवरचं रुग्णालय, दाखल झाल्याबरोबर आरोग्य विभागाचं हमीपत्र. आणि सीजीएचएस दर म्हणजे रुग्णालयाच्या दरपत्रकाचा अर्धा नव्हे. खोली वरच्या वर्गाची घेतली तर फरक खिशातून जातो.

---

नवीपेठ_नवीप्रश्न

आम्ही फुरसुंगीला राहतो. मनपाला कर भरलेल्या जुन्या पावत्या आहेत. शिष्यवृत्ती चालेल का?

---

पेठकर

नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये मनपात आली होती, पण २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. आता तुमची स्थानिक संस्था ती. जुनी पावती जुन्या वर्षापुरती.

हद्दीचा घोळ आणखी दोन ठिकाणी होतो. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये राहणारे "पुण्यातच" असले तरी मनपाच्या हद्दीत नाहीत, त्यांचं बोर्ड वेगळं. आणि पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका, तिच्या योजना आणि रकमा वेगळ्या. औंध-सांगवीच्या सीमेवर घर असेल तर पिनकोडवर जाऊ नका, मालमत्ता कराचं बिल कोणाचं येतं ते बघा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाचं बिल.

---

गावठाण

गावाकडचं मी सांगतो. इथे पैसा कमी, पण हक्क आकड्यात लिहिलेला आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. दिव्यांगांचा वाटा आधी ३ टक्के होता, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यानंतर तो ५ झाला. जिल्हा परिषदेच्या सेसमधून मागासवर्गीयांसाठी २० टक्के, महिला-बालकल्याण १० आणि दिव्यांग ५. सेस म्हणजे जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, त्यावर जिल्ह्याजिल्ह्याच्या योजना वेगळ्या. म्हणूनच "मावशीच्या जिल्ह्यात घरघंटी मिळाली, आमच्याकडे का नाही?" याचं उत्तर "तुमच्या जिल्हा परिषदेने यंदा सायकली घेतल्या" असं असू शकतं.

साधारण काय असतं: महिला-बालकल्याणकडून शिलाई मशीन, पिको-फॉल मशीन, पिठाची गिरणी, मुलींना सायकल. कृषी विभागाकडून ताडपत्री, फवारणी पंप, पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप, कडबाकुट्टी, पाण्याची मोटर. समाजकल्याणकडून याच वस्तू मागासवर्गीय आणि दिव्यांगांसाठी. अर्ज पंचायत समितीत. त्या त्या विभागाचा विस्तार अधिकारी किंवा पर्यवेक्षिका तिथे बसते. अर्ज जास्त आले की सोडत निघते.

कागद: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, शेतीच्या वस्तूंना सातबारा आणि ८-अ, गिरणीला वीजबिल, आणि "यापूर्वी या योजनेचा लाभ घेतलेला नाही" असा ग्रामपंचायतीचा दाखला. हा शेवटचा आधी काढून ठेवा. (ग्रामसेवक आता "ग्रामपंचायत अधिकारी" झालेत आणि तलाठी "ग्राम महसूल अधिकारी". पाट्या बदलल्या, माणसं तीच.)

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल म्हणजे दाखला नव्हे, तो दाखल्याच्या अर्जाला जोडायचा कागद. आणि दाखल्यावर खाली "३१ मार्चपर्यंत वैध" असं असतं. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या अर्जाला चालत नाही. एप्रिलमध्ये काढा, वर्षभर पुरतो.

---

कडबाकुट्टी

एक शंका. वस्तू आधी घ्यायची की मंजुरी आधी? दुकानदार म्हणतो आज घ्या, बिल नंतरच्या तारखेचं देतो.

---

गावठाण

दुकानदाराचं ऐकू नका. आता बहुतेक वस्तूंचं अनुदान खात्यावर येतं, म्हणजे खरेदी तुम्ही करायची आणि पैसे मागून मिळवायचे. त्यात क्रम असा: अर्ज, निवड, पूर्वसंमतीचं पत्र (काही विभाग निवडपत्र म्हणतात), मग खरेदी, मग बिल सादर, मग जागेवर तपासणी, मग अनुदान. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असली की फाइल संपली. तारीख पुढची टाकून घेतली तरी तपासणीत जीएसटीच्या बिलाचा क्रमांक, ई-पेमेंटची तारीख आणि वॉरंटी कार्डाची तारीख जुळत नाही. यंत्राच्या अंगावर पत्र्याची पाटी असते, तिच्यावरचा अनुक्रमांक आणि बिलावरचा अनुक्रमांक तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा बघतो.

बिल जीएसटी क्रमांकासकट पक्कं हवं, कच्ची पावती नाही. अर्जदाराच्याच नावाचं. आधारावर "सुमनबाई" आणि बिलावर "सुमन" असेल तर परत. पैसे अर्जदाराच्याच खात्यातून दुकानदाराला गेलेले दिसले पाहिजेत. मुलाच्या फोनवरून यूपीआय केलं की प्रश्न येतो. रोखीने दिले तर काही विभाग घेत नाहीत.

पूर्वसंमतीच्या पत्रावर मुदत असते. तेवढ्यात खरेदी झाली नाही तर नंबर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जातो. यंत्र कोणतं घ्यायचं त्याचे निकष (मोटर किती अश्वशक्तीची, पाइप किती मीटर, कोणता मानक शिक्का) पत्रासोबत येतात. स्वस्त मिळालं म्हणून बिनशिक्क्याचं घेतलं की अनुदान बुडालं.

---

खातेउतारा

पैसे मंजूर होऊनही खात्यावर न येण्याची कारणं. धाग्यात कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच.

१. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) जुना. विजया आणि देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पीएनबीत. पासबुक जुनं असेल तर त्यावरचा कोड मेलेला आहे. शाखेत जाऊन नवं पासबुक छापून घ्या.

२. खातं पतसंस्थेत आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला स्वतःचा आयएफएससी नसतो. नागरी सहकारी बँक चालते, पण तिचा कोड तिचा स्वतःचा आहे की दुसऱ्या बँकेच्या मार्फत, ते विचारून घ्या.

३. आधार "जोडलेलं" आहे पण मॅपिंग दुसऱ्याच बँकेत. केवायसीला (ओळख पटवायला) आधार देणं वेगळं आणि अनुदानासाठी आधार सीडिंग (पैसे कोणत्या बँकेत जायचे ती नोंद) वेगळं. आधारावर आधारित अनुदान शेवटी सीडिंग केलेल्या बँकेत जातं, तुम्ही अर्जात कोणता खातेक्रमांक लिहिला ते बघत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. पैसे "गेले" असं कार्यालय म्हणतं आणि खात्यात नाहीत, तर आधी तिथे बघा. भलत्याच जुन्या खात्यात सापडतात.

४. पूर्ण केवायसी नसलेलं छोटं खातं. त्यात एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. मोठी रक्कम परत फिरते.

५. आईबरोबरचं संयुक्त खातं आणि पहिलं नाव आईचं. विद्यार्थ्याचं नाव पहिलं हवं.

---

सायनहून

मुंबई.

आरोग्य: हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना, नोव्हेंबर २०२२ पासून. तपासणी, औषधं आणि १४७ प्रकारच्या रक्तचाचण्या मोफत. नमुना तिथेच घेतात. अनेक ठिकाणी संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असतात, त्यामुळे नोकरदारांना सोयीचे. साध्या साखर-थायरॉइडसाठी केईएमच्या ओपीडीत सकाळपासून उभं राहण्याचं कारण नाही.

शाळा: पालिका शाळांत गणवेश, दप्तर, बूट, वह्या धरून २७ वस्तू मोफत.

घर: ५०० चौरस फूट (४६.४५ चौ. मी.) पर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ. हे चटई क्षेत्र आहे. बिलात क्षेत्र चुकून जास्त नोंदलं असेल तर मंजूर नकाशा आणि करारनामा लावून करनिर्धारण विभागात दुरुस्तीचा अर्ज करायचा.

दिव्यांग: धर्मवीर आनंद दिघे अर्थसहाय्य योजना. पिवळं यूडीआयडी कार्ड (म्हणजे दिव्यांगांचं स्वावलंबन कार्ड; ४० ते ८० टक्क्यांच्या आत) असेल तर महिन्याला १,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ६,००० एकदम. निळं कार्ड (८० टक्के आणि वर) असेल तर महिन्याला ३,००० प्रमाणे १८,०००. पांढऱ्या कार्डाला नाही. कागदी जुनं प्रमाणपत्र चालत नाही, स्वावलंबन कार्डच लागतं. ते निघायला वेळ लागतो म्हणून अर्जाची वाट न बघता काढा.

अंत्यसंस्कार: पालिकेच्या स्मशानभूमीत एका पार्थिवासाठी ३०० किलो लाकूड मोफत. हे माहीत नसल्यामुळे लोक त्या अवस्थेत बाहेरून लाकूड विकत घेतात. मृत्युपत्रकाचा फॉर्म (डॉक्टरांचं कारण-प्रमाणपत्र) तेवढा बरोबर हवा.

तक्रार आणि चौकशी १९१६.

---

मीनाक्षी_वाई

छोट्या गावांचंही येऊ द्या. वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी सेप्टिक टँक ठरलेल्या वेळापत्रकाने उपसायची पद्धत सुरू केली, दर ३ वर्षांनी एकदा प्रत्येक घर. गाडी आली की वेगळे पैसे द्यायचे नाहीत, तो खर्च करातून जातो. मैला उघड्यावर न ओतता प्रक्रिया केंद्रावर नेतात.

घरमालकाने करायचं ते एवढंच: टाकीचं झाकण कुठे आहे ते माहीत हवं. बहुतेक अडचण तिथेच. वर फरशी बसवलेली असते, न्हाणीघर बांधलेलं असतं किंवा तुळशीवृंदावन. फरशी फोडायला लोक नाही म्हणतात आणि गाडी पुढच्या घरी जाते. फरशी घालायचीच असेल तर झाकणापुरता तुकडा सुटा ठेवा, कडी लावून. दहा-दहा वर्षं न उपसलेल्या टाकीत तळाचा गाळ घट्ट होतो, पंप ओढत नाही. मग पाणी सोडून ढवळावं लागतं. टाकीत कोणीही उतरायचं नाही, आतला वायू मिनिटात माणूस पाडतो आणि माणसाकडून हे काम करून घेणं कायद्याने गुन्हा आहे.

---

गप्पीमासा

आरोग्य खात्याच्या बारीकसारीक गोष्टी कोणी लिहीत नाही, म्हणून.

हिवताप विभाग (पालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा) गप्पी मासे फुकट देतो. विहीर, बागेतला हौद, कारंजं, बांधकामावरची पाण्याची टाकी यासाठी. प्लास्टिकच्या जाड पिशवीत त्याच पाण्यासकट आणायचे. घरी आल्यावर पिशवी न फोडता पंधरा-वीस मिनिटं हौदात तरंगत ठेवायची, तापमान सारखं झालं की तोंड उघडायचं. थेट ओतले की निम्मे मरतात. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात टिकत नाहीत. नदी-तलावात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते त्रासाचे.

कुत्रा चावला तर रेबीजची लस पालिका रुग्णालयात आणि सरकारी दवाखान्यात मोफत. आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही नाही. कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देतात ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या. रक्त आलेली जखम असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं आणि ते प्रत्येक छोट्या दवाखान्यात नसतं. "लस दिली, झालं" म्हणून घरी पाठवलं तर विचारा, इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल.

जन्मनोंद: २१ दिवसांच्या आत नोंदवलं तर शुल्क नाही आणि दाखल्याची पहिली प्रत मोफत. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंदवा. १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्काने. बारशाची वाट बघत मुळात नोंदच लांबवू नका. वर्ष उलटलं की उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं.

बाळंतपण: पालिका आणि सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियन, औषधं, रक्त आणि जेवण (साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७) मोफत. नेण्या-आणण्याला १०२.

---

मांडवीकाठ

गोव्यात याच धर्तीवर पंचायतीकडून काही मिळतं का?

---

जमाखर्च

गोव्यात वैयक्तिक लाभ जवळजवळ सगळे राज्याच्या खात्यांकडून. गृह आधार (महिना १,५००, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत, १५ वर्षांचं वास्तव्य) महिला व बालविकास खात्याकडे, दयानंद सामाजिक सुरक्षा समाजकल्याणकडे. पंचायतीकडून तुम्हाला लागतो तो वास्तव्याचा दाखला. अर्थात मूळ जागा खातं, पंचायत नव्हे.

---

टेम्सकाठ

अवांतर, पण इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी. व्हिसावर "सार्वजनिक निधीचा लाभ नाही" अशी अट असेल तर काउन्सिलचं काहीच घ्यायचं नाही असं अनेक जण समजतात. तसं नाही. घरात एकच प्रौढ राहत असेल तर काउन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते, ती सार्वजनिक निधीत मोडत नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्यांची सूटही नाही. मात्र कमी उत्पन्नामुळे मिळणारी काउन्सिल टॅक्स कपात मोडते. तिचा अर्ज केला तर पुढच्या व्हिसाला अडचण. नावं सारखी वाटतात, फॉर्म भरताना नीट बघा.

---

जमाखर्च

उपयुक्त. यावर वेगळा धागा काढाच, इथे हरवेल.

---

पेठकर

पुण्यातल्या मालमत्ता कराचं राहिलं. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत २०२३ मध्ये परत सुरू झाली. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ती आपोआप लागत नाही, पीटी-३ फॉर्म भरावा लागतो. शुल्क २५ रुपये. सोबत सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, लायसन्स, गॅसकार्ड किंवा रेशनकार्ड यांपैकी पुरावा, आणि शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या कराचं बिल. पेठ निरीक्षकाकडे किंवा क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. सौर पाणीतापक, पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. पण प्रकल्प चालू स्थितीत हवा. टाकी भंगारात गेलेली असेल तर पाहणीत सवलत रद्द होते.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना शहरात-गावात एका घराचा कर माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो.

---

गावठाण

कराचाच विषय निघाला म्हणून. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीत पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत. म्हणजे कायद्याने ठरलेल्या टक्केवारीच्या बाहेरही ग्रामसभेला ठरवता येतं. हे बाकीच्या गावांत होत नाही कारण वसुलीच नसते.

---

आशा_क

आमची ग्रामपंचायत म्हणते उत्पन्नच नाही, दिव्यांग निधी कुठून देऊ? वडिलांचं कार्ड निळं आहे. लोकसेवा हक्क कायद्यात तक्रार करता येईल का?

---

जमाखर्च

ताई, लोकसेवा हक्क कायदा २०१५ अधिसूचित सेवांना लागतो. दाखले, उतारे, नोंदी त्यात येतात आणि त्या वेळेत मिळाल्या नाहीत तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंडही आहे. निधीवाटप सहसा त्या यादीत नसतं. तुमच्या कामाला माहितीचा अधिकार.

"उत्पन्न नाही" हे दप्तरावरून तपासता येतं. नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही, नमुना ५ रोकडवही, नमुना १ अंदाजपत्रक. नमुना २८ मध्ये मागासवर्गीय १५ टक्के आणि महिला-बालकल्याण १० टक्के खर्चाचं मासिक विवरण असतं. एवढं नेमकं मागितलं की समजतं, मागणारा जाणकार आहे. समजा वर्षात ४ लाख वसूल झाले, तर ५ टक्के म्हणजे २०,००० दिव्यांगांसाठी खर्च व्हायलाच हवेत. गावात नोंद झालेले दिव्यांग किती यावर प्रत्येकी वाटा. वडिलांचं नाव ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत आहे का ते सगळ्यात आधी बघा. नोंदच नसेल तर निधी असूनही वाटपात नाव येत नाही. कार्डाची प्रत देऊन अर्ज करा, पोच घ्या.

---

आशा_क

माहिती अधिकाराच्या अर्जात काय लिहू? लांबलचक झाला म्हणून एकाचा परत आला होता.

---

जमाखर्च

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून परत आला असणार. कारण, तक्रार, राग काही लिहायचं नाही. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही, फक्त दाखल्याची प्रत. प्रतींचे पानाला २ रुपये. मजकूर असा:

"विषय: दिव्यांग कल्याण ५ टक्के निधी. कालावधी: मागील दोन आर्थिक वर्षं. (१) प्रत्येक वर्षी ग्रामपंचायतीचं स्वउत्पन्न किती जमा झालं, त्याची नमुना ५ मधील नोंद. (२) त्यापैकी ५ टक्के रक्कम किती होते. (३) दिव्यांगांसाठी प्रत्यक्ष खर्च किती, व्हाउचरच्या प्रती. (४) ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीतील लाभार्थ्यांची संख्या. माहिती स्पीड पोस्टाने हवी."

अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, ग्रामपंचायतीत तेच ग्रामपंचायत अधिकारी असतात. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत समितीत पहिलं अपील. त्याला फी २० रुपये.

---

गावठाण

यात भर. चौथ्या मुद्द्यात नावं मागू नका, फक्त संख्या. नावं मागितली की "त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती" म्हणून सगळाच अर्ज लांबवतात. आणि पुढची ग्रामसभा कधी ते विचारून ठेवा, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. अर्जाचं उत्तर हातात असताना विषय मांडला की इतिवृत्तात लिहून घ्यायला लावता येतं. सभा संपायच्या आत इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, सही त्यानंतर.